पुरानंतरचे पात्र

वैशाखातल्या दुपारी नेवाशाजवळ प्रवरेच्या पात्रात उभे राहिले, तर ही मोठी नदी आहे हे परक्या माणसाला सांगूनही पटणार नाही. मधोमध पाण्याची एक बारीक धार. बाकी सारी वाळू आणि गोटे. पण हे निजलेले पात्र जरा निरखून पाहावे. गोटे वाटेल तसे विखुरलेले नसतात. चपटे गोटे घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात आणि त्यांची वरची कड नेहमी प्रवाहाच्या खालच्या अंगाला झुकलेली असते. नदी कोणीकडून कोणीकडे धावते, हे पाणी नसतानाही ते सांगतात. ही रचना आहे गेल्या पावसाळ्यातल्या पुराची.

प्रवरा उगम पावते सह्याद्रीत, रतनगडाच्या परिसरात. तेथे पाऊस कोसळतो, तेव्हा नेवाशाचा शेतकरी कोरड्या आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. अशा वेळी डोक्यावर ढग नसताना पात्रात गढूळ पाणी चढू लागते. दूरच्या डोंगरातला पाऊस पाहुण्यासारखा दारी येतो.

पाणी वाढू लागले की प्रथम बारीक वाळू उठते आणि प्रवाहात तरंगत निघते. जाड वाळू तळाशी उड्या मारीत जाते. गोटे मात्र लगेच हलत नाहीत. पुराला खरा भर आला, म्हणजे तेही गडगडू लागतात. काठावर कान दिला, तर पाण्याच्या घोषाखाली त्यांची खडखड ऐकू येते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचे बळही दुप्पट होत असेल, असे वाटते. पण जुना आडाखा असा आहे, की दुप्पट वेगाचे पाणी आधीच्या चौसष्टपट वजनाचा धोंडा ढकलू शकते. उन्हाळ्यात ज्या नदीला खडा हलवता येत नाही, तीच श्रावणात शिळा लोटते, याचे कारण हे.

पूर ओसरू लागला, की नदी आपले ओझे उतरवू लागते, तेही क्रमाने. मोठे धोंडे आधी थांबतात, मग गोटे, मग जाड वाळू, मग बारीक. अगदी शेवटी, जेथे पाणी निवांत असते, तेथे मऊ गाळ बसतो. एखादा नेटका वाणीही इतक्या शिस्तीने धान्य निवडणार नाही! वळणावर बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठाशी वाळूचा नवा पट्टा पडतो. कोठे जुना डोह आणखी खोल जातो, कोठे तो बुजतो. म्हणूनच, पूल नव्हते त्या काळी, पावसाळा सरला की काठावरच्या लोकांना पाण्यातून जाण्याचा उतार नव्याने शोधावा लागे.

नदीची ही सवय फार जुनी आहे. नेवाशाच्या परिसरात काठाच्या दरडींतून जुन्या गोट्यांचे थर दिसतात. चुन्याने ते घट्ट सांधले गेले आहेत. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. प्रवरेकाठच्या अशा थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. लाखो वर्षांपूर्वी कोणा माणसाच्या हातून पडलेले हत्यार एका पुराने गोट्यांमध्ये रचून ठेवले आणि ते तसेच राहिले!

आता मात्र या रचनेत खंड पडू लागला आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. पुढे त्याच्या खाली निळवंड्याचेही झाले. धरणात पाणी अडते, तशी वरून येणारी वाळूही अडते. पाणी दारांतून सुटते. वाळू तळाशी राहते. धरणाखालच्या ओढ्यांनी आणलेली वाळू तेवढी पात्राला मिळते. आणि जी पात्रात आहे, ती घरे बांधण्यासाठी लोक गाड्या भरभरून नेतात. घरांना वाळू हवी, हे खरे. पण पुराने वर्षानुवर्षे साठवलेले एका उन्हाळ्यात उपसले, तर ते एका पावसाळ्यात भरून येत नाही.

वाळू म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्या कणाकणांतल्या फटींत पाणी मुरून राहते, आणि काठच्या विहिरींना तेच पाझरते. धार आटली तरी वाळूत झिरा खणला, हातभर उकरले, की तळाशी स्वच्छ, थंड पाणी हळूहळू जमू लागते. वाळू उपसलेल्या जागी मात्र काळा खडक उघडा पडलेला असतो, आणि त्यावर गेल्या पुराने आणून टाकलेले चार गोटे उन्हात तापत असतात.