सातशे वर्षांचं शहर, सत्तर वर्षांची घरं

मुलांनो, आज एक कोडं घालते. असं कोणतं शहर आहे, जे सातशे वर्षांचं जुनं आहे, पण त्यातली ‘जुनी’ घरं मात्र तुमच्या आजोबांच्या वयाची आहेत? काय, हरलात? हरकत नाही, भले भले हरतात! उत्तर आहे वॉर्सा. पोलंड या देशाची राजधानी. तिथली माणसं मात्र आपल्या शहराला ‘वर्शावा’ म्हणतात.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझी एक मैत्रीणही शिक्षिकाच. दोघींनी तीन वर्षं भिशी लावावी तसे दर महिन्याला पैसे बाजूला टाकले आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत वॉर्सा गाठलं. पाठीवर एकेक सॅक. तिच्यात तीन ड्रेस, रेनकोट, पाण्याची बाटली आणि मेतकुटाचा डबा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, अगदी तस्संच! राहायला मोठं हॉटेल नाही. एका खोलीत आठजणी, दुमजली पलंग आणि सामानाला आपलं आपण कुलूप. अशा प्रवासात पैसे वाचतात आणि पायांना काम मिळतं. शहर कळायचं असेल, तर ते पायांनाच आधी कळतं बरं का!

पहिल्या दिवशी दोन शब्द पाठ केले. ‘जेन् दोब्री’ म्हणजे नमस्कार आणि ‘जेन्कुये’ म्हणजे धन्यवाद. तेवढ्यावर आमचं निम्मं काम भागलं. पोटासाठी तिथे ‘बार म्लेचनी’ असतात, म्हणजे अक्षरशः ‘दूध-बार’. आपल्याकडच्या साध्या खाणावळीसारखी स्वस्त जागा. खिडकीशी सांगायचं, पैसे द्यायचे, ताट आपणच उचलून आणायचं. तिथे मिळाले ‘पिएरोगी’. पाहते तर काय, पाण्यात उकडलेल्या करंज्याच! आत बटाटा आणि पनीरसारखं ताजं चीज. वरून कधीकधी मांसाचे तळलेले तुकडे घालतात, म्हणून शाकाहारी असाल तर आधी विचारायचं.

चला, आता माझ्याबरोबर जुन्या शहरात या. समोर हा राजवाड्याचा चौक. मधोमध २२ मीटर उंच खांब आणि त्यावर हातात क्रूस व तलवार घेतलेला राजा. हा झिग्मुंट तिसरा. १५९६ मध्ये याने आपला दरबार क्राकूफहून वॉर्साला हलवला. हा खांब त्याच्या मुलाने १६४४ मध्ये उभारला. पुढे अरुंद गल्ल्या लागतात आणि मग एकदम मोकळा बाजारचौक. चारी बाजूंना उंच, अरुंद घरं, एकमेकांना खेटून उभी. एक पिवळं, एक विटकरी, एक फिकट हिरवं. मध्यभागी जलपरीचा पुतळा. पण ही गोष्टीतली नाजूक जलपरी नव्हे हं! हिच्या एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात उगारलेली तलवार आहे. हेच वॉर्साचं बोधचिन्ह.

आता त्या कोड्याकडे येऊ. तुम्ही या चौकात उभे राहिलात तर म्हणाल, “वा! शेकडो वर्षं घरं किती छान सांभाळली आहेत!” पण १९४५ च्या जानेवारीत इथे उभं राहून कुणी पाहिलं असतं, तर त्याला दिसले असते नुसते विटांचे ढिगारे.

झालं काय, ऐका. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. पाच वर्षं वॉर्साच्या लोकांनी जुलूम सोसला. मग १ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता शहराने उठाव केला. हा लढा ६३ दिवस चालला. शेवटी शस्त्रं संपली, अन्न संपलं आणि शरणागती पत्करावी लागली. उठावाच्या त्या दिवसांत दीड ते दोन लाख साधी माणसं मारली गेली. उरलेल्यांना शहराबाहेर हाकललं. आणि त्यानंतर जर्मन सैनिकांच्या तुकड्या रिकाम्या शहरात गल्लोगल्ली फिरून घरं जाळू लागल्या, सुरुंग लावून उडवू लागल्या. लढाई संपली होती तरीही! जुन्या ऐतिहासिक भागातलं ८५ टक्क्यांहून जास्त बांधकाम नष्ट झालं. तो राजाचा खांबही कोसळला. त्याचे मोडके तुकडे आजही राजवाड्याच्या कडेला आडवे ठेवलेले आहेत. मी त्यावर हात ठेवून पाहिला. दगड उन्हाने तापला होता.

मग ही घरं परत आली कुठून?

इथेच खरी गंमत आहे. युद्धाच्या आधी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात आर्किटेक्चर शिकणारी मुलं टेप, वही, पेन्सिल घेऊन जुन्या घरांची मापं काढत असत. खिडकी किती रुंद, जिना किती उंच, कमान कशी, सगळं कागदावर. शहर जाळलं जात असताना प्राध्यापक यान झाख्वातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नकाशे शहराबाहेर काढले आणि प्योत्रकूफ गावातल्या एका मठात नेऊन लपवले. घरं गेली, पण घरांची मापं वाचली!

दुसरी मदत केली एका चित्रकाराने, आणि तीही मेल्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी! बेर्नार्दो बेलोत्तो हा मूळचा इटलीतल्या व्हेनिसचा. पोलंडच्या शेवटच्या राजाचा तो दरबारी चित्रकार होता. त्याने वॉर्साचे रस्ते, चर्च, वाडे इतक्या बारकाईने रंगवले की खिडक्यासुद्धा मोजून घ्याव्यात. नकाशे, जुने फोटो आणि ही चित्रं समोर ठेवून लोक कामाला लागले. ढिगाऱ्यातून सापडलेले कोरीव दगड पुन्हा जागेवर बसवले. देशभरातून विटा आल्या. १९४९ मध्ये राजा परत खांबावर चढला. जुलै १९५३ मध्ये बाजारचौक तयार झाला. १९८० मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

राजवाड्याला मात्र वेळ लागला. त्याची पुनर्बांधणी करायचं १९७१ मध्ये ठरलं. लोकांनी वर्गण्या दिल्या. या राजवाड्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ जरूर पाहा. १७ सप्टेंबर १९३९ ला तोफांच्या माऱ्यात ते सव्वाअकरा वाजता बंद पडलं होतं. नव्या मनोऱ्यावरचं घड्याळ १९ जुलै १९७४ ला सुरू झालं. किती वाजता, सांगा पाहू? बरोबर, सव्वाअकरालाच! आता राजवाड्याच्या आत बेलोत्तोची वॉर्साची २२ चित्रं एकाच दालनात लावलेली आहेत. त्याच चित्रांच्या प्रतिकृती बाहेर क्राकोव्स्किए प्शेद्मिएश्चे या मोठ्या रस्त्यावरही ठेवल्या आहेत. आम्ही दोघी तासभर तोच खेळ खेळत होतो. आधी चित्र पाहायचं, मग मान वर करून रस्ता पाहायचा. चर्च? आहे. वाड्याचं फाटक? आहे. घोडागाडीच्या जागी बस, एवढाच फरक!

दुसऱ्या दिवशी आम्ही उठावाचं संग्रहालय पाहिलं. तिथे मला तुमच्याएवढी मुलं भेटली, म्हणजे त्यांचे फोटो आणि त्यांच्या गोष्टी. उठावाच्या दिवसांत टपाल बंद पडलं. तेव्हा स्काउटमधल्या मुलांनी पत्रं पोचवायचं काम अंगावर घेतलं. तळघरांतून, गटारांतून, पडक्या भिंतींच्या आडोशाने ती एका वस्तीतून दुसरीत जात. पत्राला पैसे नाहीत, पण अट एक : २५ शब्दांहून जास्त लिहायचं नाही. तुम्ही आत्ता वही घ्या आणि आईला २५ शब्दांत पत्र लिहून पाहा. आपण सुखरूप आहोत हे सांगायचं, भावाची चौकशी करायची, कुठे भेटायचं तेही कळवायचं. जमतंय का?

जुन्या तटभिंतीपाशी अशाच एका मुलाचा पुतळा आहे. डोक्यावर मोठ्या माणसाचं हेल्मेट, हातात बंदूक. १९८३ मध्ये तो बसवला. लोक तिथे फुलं ठेवतात. मी बराच वेळ उभी राहिले. ते हेल्मेट त्याच्या डोक्याला फार मोठं होतं. शाळेत असायच्या वयात त्याला तिथे उभं राहावं लागलं, याचं मला वाईट वाटलं. त्याच्या धैर्याचं कौतुक करताना हेही विसरू नका.

आणि आता जे परत आलं नाही, ते सांगते. शहराच्या मध्यभागी चालताना पायाखाली एक लोखंडी पट्टी दिसते. तिच्यावर लिहिलंय : घेटोची भिंत, १९४०-१९४३. त्या भिंतीच्या आत नाझींनी चार लाखांहून जास्त ज्यू माणसांना कोंडलं होतं. आत अनाथ मुलांचा एक आश्रम होता. तो चालवायचे यानुश कोर्चाक. ते डॉक्टर होते, शिक्षक होते आणि मुलांसाठी पुस्तकंही लिहायचे. जुलै १९४२ मध्ये त्यांच्या मुलांनी एक नाटक केलं. कोणतं, माहीत आहे? आपल्या रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’! आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, ते. भिंतीआड कोंडलेल्या त्या मुलांना अमल किती जवळचा वाटला असेल! पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांना आगगाडीने त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेलं. कोर्चाक यांना सुटून जाता आलं असतं. ते गेले नाहीत. मुलांबरोबर गेले आणि मुलांबरोबरच मारले गेले.

नकाशे होते म्हणून घरं परत बांधता आली. माणसांचा नकाशा कुणाला काढता येतो?

पालकांनो, तुम्हाला वाटेल, लहान मुलांना हे कशाला सांगायचं? मलाही वर्गात सांगताना आवंढा येतो. पण मुलं विचारतात आणि ऐकतातही. आपण जवळ बसून सांगितलं, तर ती घाबरत नाहीत, विचार करू लागतात.

शेवटच्या दिवशी आम्ही आपल्या माणसांसाठी राखून ठेवलेली जागा पाहिली. माँटे कॅसिनोच्या लढाईचं स्मारक आहे, त्याच्या शेजारी एक स्मृतिफलक आहे. त्यावर नाव आहे वळिवडे-कोल्हापूर! होय, आपल्या कोल्हापूरजवळचं वळिवडे. महायुद्धात सोव्हिएत रशियाने पोलंडच्या पूर्व भागातून लाखो लोकांना सैबेरियासारख्या दूरच्या मुलखात नेऊन टाकलं होतं. त्यांतले काही पुढे सुटले आणि इराणमार्गे भारतात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला. वॉर्सात त्यांच्या आठवणीसाठी ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे. आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर संस्थानात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. इथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. त्याची आठवण म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये वॉर्सात हा फलक बसवला. परक्या देशात, परक्या लिपीत आपल्या गावाचं नाव वाचलं, तेव्हा आम्ही दोघीही काही बोललो नाही.

आता तुम्हाला सुट्टीतला अभ्यास देते. वॉर्साला जायची गरज नाही. तुमच्या गावात एखादी वेस असेल, बारव असेल, पडायला आलेला वाडा असेल, नाहीतर तुमचं घर आहेच. दोघा-तिघांनी मिळून टेप घ्या. दाराची उंची मोजा, पायऱ्या मोजा, खिडक्या मोजा. चौकोनी वहीत प्रमाणात चित्र काढा. तिथे पूर्वी कोण राहायचं ते आजीला विचारा आणि बाजूला लिहा. पडक्या भिंतीखाली मात्र जायचं नाही, मोठ्या माणसाला बरोबर न्यायचं. आणि हो, चित्राखाली तारीख आणि गावाचं नाव घालायला विसरू नका.