‘करला’ म्हणणाऱ्या मुलांचं कौतुक

वाचा-उपचाराच्या माझ्या कामात काळजीनं आलेले आईबाबा भेटतात, तसे अभिमानानं आलेलेही भेटतात. अडीच-तीन वर्षांची मुलगी राज्यांच्या राजधान्या सांगते, रस्त्यावरच्या गाड्यांच्या कंपन्या ओळखते, रामरक्षा म्हणते. मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवताना त्यांचा चेहरा फुललेला असतो. घरचे इतक्या लक्षानं ज्याच्याकडे बघतात ते मूल भाग्यवान, असं मी मनापासून मानते. पण बोलता बोलता हीच मुलगी म्हणते, “बाबाने चहा करला.” सगळे हसतात, कुणीतरी “केला म्हण” असं सांगतं आणि विषय संपतो. माझ्या लेखी त्या सगळ्या राजधान्यांपेक्षा हा ‘करला’ मोठा आहे.

घरात सगळे ‘केला’ म्हणतात. मग ‘करला’ तिनं आणला कुठून? पडला, बसला, हसला, फोडला हे ऐकता ऐकता तिनं मनाशी एक नियम बांधला आणि तो करणे-खाणे या क्रियापदांनाही लावून टाकला. म्हणून ‘करला’, म्हणून ‘खाला’. राजधान्या तिला कुणीतरी शिकवल्या. हा नियम मात्र तिचा तिनं शोधला. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेनं मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून ‘वग’ हे बनावट नाव सांगितलं आणि मग दोन प्राणी दाखवले. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी सहज केलं. पाठांतरातून हे होत नाही.

मराठीत तर मुलांपुढचं काम आणखी अवघड असतं. तो आंबा, ती कैरी, ते केळं. शिवाय बोलणाऱ्यानुसार क्रियापद बदलतं. मोठ्या भावाचं ऐकून “मी जातो” म्हणणारी मुलगी पुढे आपण होऊन “मी जाते” म्हणू लागते. व्याकरणाचा एकही धडा न घेता.

आणि याची तयारी पहिल्या वाढदिवसाच्या आतच सुरू झालेली असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातल्या इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ या ध्वनींमधला फरक ओळखत होती. त्यांच्या घरी हा भेद लागत नाही; वर्षाचं होईतो तो त्यांच्या कानातून जवळजवळ निघून गेला. आपल्या बाळाला मात्र ताक आणि टाक वेगळं ऐकायचं असतं, म्हणून त्याचा कान तो भेद जपून ठेवतो.

इथे मोबाइलबद्दल बोलायलाच हवं. पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांपैकी काहींशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, गोष्टी वाचत राहिली. काहींना तोच मजकूर पडद्यावर दाखवला. पहिल्या गटातल्या बाळांना चिनी ध्वनी ओळखता येऊ लागले. पडद्यावाल्यांना काहीही आलं नाही. बाळाला शिकायला त्याच्याकडे बघणारं, त्याच्या हुंकाराला उत्तर देणारं माणूस लागतं.

म्हणूनच कौतुकाचा व्हिडिओ बघताना मी आणखी काही गोष्टी विचारते. हाक मारली की मूल वळून बघतं का? हवी ती वस्तू बोटानं दाखवतं का? आवडलेलं दुसऱ्याला दाखवायला धावत येतं का? अक्षरं, आकडे, जाहिराती घडाघडा म्हणणारं, पण यातलं काहीच न करणारं मूल बालविकास तज्ज्ञाला लवकर दाखवावं. अभिमानापोटी ही भेट पुढे ढकलू नये. लवकर सुरू केलेल्या मदतीचा मुलाला खरंच उपयोग होतो.

बाकीच्या आईबाबांना माझी एक विनंती आहे. “बाबाने चहा करला” असं ऐकलंत की टोकू नका. “हो, बाबाने चहा केला, आलं घालून केला,” असं बोलणं पुढे न्या. ‘केला’ त्याच्या तोंडी आपोआप येईल. पण त्याआधी एक वही करा आणि ‘करला’, ‘खाला’ तारीख घालून तिच्यात लिहून ठेवा, कारण ही रूपं थोड्याच काळात नाहीशी होतात.