तिसरे प्रूफ

5 ऑगस्ट 2024
कथासंग्रहाचे बाड प्रकाशकांकडे देऊन आले. टेबलावर आधीच बाडांचा ढीग. "वाचून कळवतो."

9 ऑगस्ट
दुसऱ्या एका प्रकाशकांचा फोन. कथा आवडल्या म्हणे. मग हिशोब. 300 प्रती, छपाईचा खर्च माझा, 100 प्रती मला. रॉयल्टीचे विचारले तर गप्प. नाही म्हटले. लिहिणाऱ्यानेच पैसे मोजायचे, ही रीत मला मान्य नाही. रात्री डोळ्याला डोळा नाही.

10 ऑगस्ट
आईचा फोन. "बँकेचा फॉर्म भरलास का गं?"

21 ऑगस्ट
काम मिळाले! दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन, पानाला 12 रुपये. नारायण पेठेत, जुन्या वाड्याच्या माडीवर. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "मजकुरात रमू नका. रमलात की चूक निसटते."

27 ऑगस्ट
जुनी कथा श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणलेली. रफार उडालेत. 'सूर्य'चा 'सूय', 'पर्वत'चा 'पवत'. ओळीखाली पट्टी धरायची, एकेक अक्षर बघायचे, समासात लाल खूण. एका पानाला अर्धा तास गेला.

17 सप्टेंबर
विसर्जन. लक्ष्मी रस्ता बंद. प्रुफे कालच घरी आणली होती. ढोलांच्या दणक्यात वाचत बसले. जाहिराती कमी पडल्या तर अंकाचा एक फर्मा कमी होणार. सोळा पाने. कात्री कवितांवर. का नेहमी कवितांवरच?

23 सप्टेंबर
बाडाचे काही नाही.

3 ऑक्टोबर
संध्याकाळी बातमी आली. मराठीला अभिजात दर्जा. संपादकांनी छापखान्यात फोन करून पहिला फर्मा थांबवला, संपादकीय उभ्या उभ्या बदलले. तिसरे प्रूफ रात्री अकराला हातात. काकांचे डोळे भरून आले. उभा जन्म प्रुफांत गेला त्यांचा, कुठल्याच अंकात नाव नाही. संपादकांना म्हटले, श्रेयनामावलीत मुद्रितशोधकाचे नाव घ्या. "बघू." उद्या पुन्हा विचारणार.

4 ऑक्टोबर
घेतले. काकांचे नाव, आणि खाली माझे.

10 ऑक्टोबर
बाड वाचले पहिल्या प्रकाशकांनी! दोन कथा काढा, शेवटची पुन्हा लिहा, मग बोलू. पैशांचा विषय नाही. संपादनाला अर्धवेळ माणूसही हवाय त्यांना. हो म्हटले.

14 ऑक्टोबर
दुपारी दोन ते सात काम. शेवटच्या कथेचे पहिले दोन परिच्छेद काढले. ती तिसऱ्यापासूनच सुरू होते.