तीसही रोजे

तिने रमजानचे तीसही रोजे पूर्ण केले तेव्हा आम्ही घरच्या बायकांनी तिचे केवढे कौतुक केले! पुढच्या वर्षीही एक रोजा सुटला नाही. पाळीचे रोजे सोडायचे आणि मागाहून त्यांची कजा करायची, हे आमच्यापैकी कुणालाच नवे नव्हते. पण सतरा वर्षांच्या पोरीचा एकही रोजा का सुटत नाही, हे विचारायला जीभ रेटली नाही.

अखेर सोनोग्राफी झाली. भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून बिचारी रांगेत बसली. 'दोन्ही अंडाशयांत अनेक गाठी' असा रिपोर्ट घेऊन आम्ही पौडला परतलो. "आता हिचा निकाह कसा व्हायचा?" दादी म्हणाली. त्या रात्री घरात कुणी धड जेवले नाही.

मग चांदणी चौक ओलांडून पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "या गाठी नव्हेत, पूर्ण न वाढलेले बीजकोष आहेत. या वयात पुष्कळ मुलींना असे दिसतात. पाळी सुरू झाल्यावर पहिली आठ वर्षे या चित्रावरून पीसीओएस ठरवत नाहीत."

2003 साली रॉटरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनी तीन खुणा ठरवल्या: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरक वाढल्याची लक्षणे आणि सोनोग्राफीतले चित्र. मोठ्या बाईत तीनपैकी दोन पुरतात. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे तिला सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालते. कोवळ्या मुलीत मात्र पहिल्या दोन्ही खुणा लागतात.

"वर्षात किती वेळा पाळी आली?" बाईंनी विचारले. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिले. पोर हळूच म्हणाली, "चारदा." मग हनुवटीला हात लावून म्हणाली, "इथले केस मी रात्री दार लावून धाग्याने काढते."

आम्ही एकाच छताखाली राहत होतो!

रक्त त्यानंतर घेतले. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन बिघडले तरी पाळी लांबते, म्हणून ती कारणे आधी वगळायची. टेस्टोस्टेरॉन पाहायचे. साखर उपाशीपोटी, आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा. कारण या विकारात मधुमेहाचा धोका वाढतो. निदान पीसीओएसचेच निघाले. "पण मूल होणार नाही, असा याचा अर्थ नाही," बाईंनी बजावले. "बीज वेळेवर तयार होत नसेल, तर त्यावर औषधे आहेत."

आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती स्वतः तारखांना गोल करते. यंदा तिचे पाच रोजे सुटले. तिने ते सर्वांसमोर सांगितले, आणि दादी म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह!"