मिलिसेकंदांची कारागिरी

लोणी देवकर परिसरातील गोठ्यांवर कृत्रिम रेतनाच्या मात्रा ज्या कॅनमधून येतात, त्यातला उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन इंदापूर-बारामतीच्या दूध उत्पादकाला परका नाही. पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेत टी. एस. महेश यांचा गट ज्या एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) यंत्रांवर क्वांटम प्रयोग करतो, तशा यंत्रांच्या बाहेरच्या कप्प्यातही हाच द्रव असतो. त्याच्या आत उणे २६९ अंशांचे द्रव हेलियम आणि त्यात बुडालेले अतिसंवाहक तारेचे वेटोळे, ज्यातून वीज विरोधाविना फिरत राहून चुंबकक्षेत्र तयार करते. गंमत अशी की, एवढ्या थंडीच्या मधोमध ठेवलेला नमुना मात्र खोलीच्याच तापमानाला असतो.

हा नमुना बहुधा साधा द्रव असतो. क्लोरोफॉर्मच्या रेणूतील हायड्रोजन आणि कार्बन-१३ यांची अणुकेंद्रे दोन क्यूबिट होतात. क्यूबिट म्हणजे मोजणी होईपर्यंत शून्य आणि एक या दोन्ही शक्यता एकत्र धरून राहू शकणारा माहितीचा घटक. नैसर्गिक कार्बनमध्ये कार्बन-१३ जेमतेम एक टक्का असल्याने तो मुद्दाम वाढवलेला नमुना वापरावा लागतो. दोन केंद्रांच्या परस्परक्रियेतून एक तार्किक पायरी पुरी व्हायला सुमारे अडीच मिलिसेकंद लागतात, आणि क्यूबिटची नाजूक अवस्था विस्कटण्याआधी अशा जितक्या पायऱ्या बसतील तितकेच गणित होते. असमान चुंबकक्षेत्रात ती लवकर विस्कटते, म्हणून संशोधकाचा दिवस गणितापेक्षा शिमिंगमध्ये, म्हणजे लहान वेटोळ्यांतील प्रवाह किंचित कमी-जास्त करून नमुन्याच्या नळीभर चुंबकक्षेत्र एकसारखे करण्यात, अधिक जातो. पडद्यावरची संकेताची रेषा बारीक आणि उंच होईपर्यंत पुढचे काही सुरूच करता येत नाही. उरलेला विस्कोट एर्विन हान यांनी १९५० मध्ये दाखवलेल्या प्रतिध्वनीच्या युक्तीने, मध्येच रेडिओलहरींचा एक उलटा स्पंद देऊन, बराचसा परतवता येतो.

सात केंद्रांच्या रेणूवर २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी १५ या संख्येचे अवयव पाडले, पण क्यूबिट वाढतील तसा संकेत झपाट्याने क्षीण होतो, आणि मोठा संगणक या वाटेने होणार नाही हे उघड आहे. तेवढ्यावरून ही विद्या जुनी ठरवणे मात्र उतावीळपणाचे आहे. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडलेला, २०२४ मध्ये डीआरडीओच्या पुणे प्रयोगशाळेसह चाचणी झालेला सहा क्यूबिटांचा प्रोसेसर अतिसंवाहक परिपथांचा असला, तरी त्या जातीच्या क्यूबिटांनाही आकार दिलेल्या स्पंदांनीच वळवावे लागते. एनएमआरवर हात बसलेल्या विद्यार्थ्याला तिथे स्पंद नव्याने शिकवावा लागत नाही. शिकावे लागते ते क्यूबिट अतिथंड ठेवणाऱ्या यंत्रणेच्या निर्वात नळ्यांतील गळती शोधणे.