पडद्यावरचे घड्याळ आणि घरची तिथी

संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसे घड्याळ असते. हे घड्याळ नुसती वेळ दाखवून थांबत नाही. व्याख्याने, बैठका, भेटीगाठी यांची नोंद त्याच्यापाशी करून ठेवली, की ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी बारीकशी घंटा वाजते आणि पडद्यावर एक चिठ्ठी उगवते. ती मिटवून टाकावी, नाहीतर थोड्या वेळाने पुन्हा आठवण करण्यास सांगावे, एवढेच आपल्या हाती असते. अभ्यागत म्हणून वर्षा-दोन वर्षांनी विद्यापीठ बदलणाऱ्या माझ्यासारखीला या व्यवस्थेचा मोठा आधार वाटतो. नव्या गावी शेजारच्या खोलीतून डोकावून ‘निघायचं ना?’ असे विचारणारे कोणी नसते. ते काम हे घड्याळ निमूटपणे करते. तेव्हा त्याच्याविषयी तक्रार करावी असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही.

परंतु या घड्याळात एक नोंद अशी आहे की ती मला दरवर्षी नव्याने करावी लागते. ती माझ्या वडिलांच्या तिथीची. बाबा कार्तिक वद्य पंचमीला गेले. घड्याळ विचारते, ही नोंद दररोज, दर आठवड्याला, दर महिन्याला, की दरवर्षी? ‘दरवर्षी’ म्हणावे, तर त्याचे वर्ष निराळे आणि पंचांगाचे निराळे. युनिक्स कुळातील संगणकप्रणालींच्या पोटात काळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजत आलेले सेकंद. त्यांतला प्रत्येक दुसऱ्यासारखाच. पंचांगाचा काळ असा एकसारखा नाही. चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा अंशांचे अंतर पडले की एक तिथी सरते. त्याला कधी वीस तास लागतात, कधी सव्वीसांहून अधिक. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे. ती तूट अधिक मासाने भरून निघते. त्यामुळे बाबांची पंचमी २०२३ साली डिसेंबरच्या आरंभी आली, २०२४ साली नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, २०२५ साली दुसऱ्या आठवड्यात. आणि २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने ती पुन्हा नोव्हेंबरच्या अखेरीस जाते. शिवाय श्राद्धासाठी सूर्योदयाची नव्हे, तर अपराह्णकाळची तिथी पाहावयाची असते.

सध्या मी काशीत आहे, त्यामुळे आणखी एक गुंता वाढला आहे. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, येथे पौर्णिमेला. साहजिकच आमच्या कार्तिक वद्य पंचमीला येथील दिनदर्शिका मार्गशीर्ष कृष्ण पंचमी म्हणते. चंद्र तोच, दिवस तोच, महिन्याचे नाव मात्र वेगळे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला हा अनुभव अपरिचित नाही. एकाच वस्तूची दोन नावे आणि एकाच नावाच्या दोन वस्तू यांतूनच आपला व्यवसाय चालतो.

या निमित्ताने आपल्या भाषांचा एक विशेष माझ्या ध्यानात आला. मराठीत आपण ‘मला आठवते’ असे म्हणतो, हिंदीत ‘मुझे याद है’, तेलुगूत ‘नाकु ज्ञापकं उंदि’. तिन्ही ठिकाणी आठवणारा माणूस चतुर्थीत उभा आहे. बंगालीत ‘आमार मने पड़े’ म्हणताना तो षष्ठीत जातो, पण कर्ता होत नाही. स्मरण हे आपण करीत नाही, ते आपल्याकडे येते, अशीच या भाषांची समजूत दिसते. आठवण करून देण्याच्या क्रियेला मात्र कर्ता लागतो, आणि तो कर्ता दुसरा कोणीतरी असतो. आजवर तो माणूस होता. ज्याला स्वतःला आठवत असे, तोच दुसऱ्याला आठवण करून देई. आता प्रथमच असा कर्ता आपल्या घरात आला आहे, की ज्याला काहीच आठवत नाही आणि तरीही जो अचूक आठवण करून देतो.

येथे शाकुंतलाचा विचार मनात येणे अपरिहार्य आहे. महाभारतातील दुष्यंताला सारे आठवत असते. तो ओळख नाकारतो. कालिदासाने शापाची योजना केली आणि राजाची स्मृतीच काढून घेतली. दुर्वासाचा शाप नुसता विस्मरणाचा नाही. आठवण करून दिली तरीही आठवणार नाही, असा तो आहे. भर दरबारात शकुंतला परोपरीने आठवण करून देते, आणि ती वाया जाते. पुढे कोळ्याच्या हाती लागलेली अंगठी, जिला काहीच ठाऊक नाही, ते काम करते. पडद्यावरची चिठ्ठी त्या अंगठीच्या जातीची आहे. ती खूण आहे. खुणेमागचे सारे पाहणाऱ्याच्या मनात आधी असावे लागते.

आमच्या घरी अशी खूण लागत नसे, कारण आई होती. साताऱ्याच्या घरात दाते पंचांग देवघराशेजारी खुंटीला टांगलेले असे आणि तिथी तिच्या तोंडी असत. मी कुठल्याही गावी असले, तरी आदल्या संध्याकाळी तिचा फोन येई: ‘उद्या पंचमी आहे गं. लक्षात आहे ना?’ मी ‘हो’ म्हणे. मग दादाने भटजींना सांगितले का, खिरीला तांदूळ कोणते, आमसुलाची चटणी बाबांना कशी लागत असे, असे ती बोलत राही. तिथी सांगायला अर्धे मिनिट पुरे. फोन वीस मिनिटे चाले.

२०२५ साली तिचा फोन आला नाही. घड्याळाची चिठ्ठी वेळेवर उगवली, आणि मी फोन लावला. ‘आई, उद्या पंचमी.’ ती क्षणभर थांबून म्हणाली, ‘कसली गं?’ मी सांगितले. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला: ‘बरं झालं सांगितलंस. आता दरवर्षी तूच सांगत जा.’

तेव्हापासून त्या नोंदीचे शब्द मी बदलले आहेत. घड्याळाने मला बाबांची आठवण करून द्यावी, याची मला गरज नाही. ती न बोलावता येते. पाडव्याच्या सुमारास दादा नवे पंचांग पाठवतो. त्यातले कार्तिकाचे पान काढून मी वद्य पंचमी शोधते, अपराह्णकाळ पाहते, येथल्या दिनदर्शिकेतील मार्गशीर्षाशी ताडून घेते. मग घड्याळात आदल्या दिवसाच्या सायंकाळी सातच्या वेळेवर दोनच शब्द लिहिते: आईला फोन.