पट्ट्यांचे व्याकरण

मराठीतला 'का' हा शब्द मोठा फसवा आहे. 'वाघाच्या अंगावर पट्टे का असतात?' या साध्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात : कशासाठी आणि कशामुळे. प्रयोजन आणि कारण यांतला भेद वर्गात समजावताना मी वर्षानुवर्षे हेच उदाहरण घेत आलो आहे. पुढे मात्र या उदाहरणानेच मला धरून ठेवले.

आधी प्रयोजन पाहू. वाघ लांबवर पाठलाग करून भक्ष्याला दमवत नाही. तो दबा धरतो, जवळ सरकतो आणि झेप घेतो. उंच गवतात, बांबूच्या बेटात ऊन-सावलीच्या रेघा पडलेल्या असतात. त्यांत अंगावरचे उभे पट्टे मिसळले की शरीराची बाह्यरेषाच मोडून जाते. मग तो भडक नारिंगी रंग कशाला? सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्ये दोनच जातींची असतात, एक काळे-तपकिरी आणि दुसरे पिवळे-तांबूस. हिरवे होणे वाघाच्या हाती नाही. त्याची गरजही नाही, कारण हरणांना नारिंगी आणि हिरवा यांतला भेद फारसा जाणवत नाही. आपण ज्याला अलंकार समजतो, तिथे चितळाला केवळ गवत दिसते. काव्याचा अनुभव सहृदयावर अवलंबून असतो, हे आपल्या काव्यशास्त्राला ठाऊक आहेच.

कारणाचा शोध अधिक विलक्षण आहे. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्यूरिंग या गणितज्ञाने १९५२ मध्ये एक निबंध लिहून प्राण्यांच्या शरीरावरील आकृत्यांची उपपत्ती मांडली. तिचे पुढे रूढ झालेले रूप असे : एक द्रव्य चेतवणारे, दुसरे रोखणारे. रोखणारे द्रव्य अधिक वेगाने पसरले, तर एकसारख्या पृष्ठभागावरही आपोआप ठिपके किंवा पट्टे उमटतात. मांजरांच्या गर्भावरील २०२१ च्या संशोधनात दिसले, की ही आखणी केसांना रंग येण्याच्या पुष्कळ आधी त्वचेत झालेली असते. प्रारंभीच्या सूक्ष्म फरकांमुळे निष्पत्ती मात्र दर वेळी निराळी होते. वृत्ताचे गण ठरलेले असूनही दोन श्लोक सारखे नसतात, तसेच हे. दोन वाघांचे पट्टे जुळत नाहीत. एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही जुळत नाही. कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतून वाघांची मोजदाद होते ती याच भेदाच्या आधारे.

या व्याकरणाला एक अपवाद आहे. ओडिशातील सिमिलिपालच्या जंगलात काही वाघांचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात, की ते जवळजवळ काळे दिसतात. बंगळूरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचे मूळ 'टॅकपेप' या एका जनुकातील बदलात असल्याचे दाखवले. मांजरांच्या अंगावरील नक्षीतही याच जनुकाचा हात असतो. पण हा दुर्मीळ बदल तिथेच इतका का पसरला? इथे 'कशामुळे'चे उत्तर नकाशावर शोधावे लागते. सिमिलिपालचे वाघ थोडे आहेत आणि इतर वाघांपासून तुटलेले आहेत. बाहेरचे रक्त येत नाही, म्हणून आप्तांतच संबंध होतात आणि एरवी झाकलेला बदल वर येतो.

हे एकाकीपण मोडावे म्हणून २०२४ मध्ये आपल्या ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला नेण्यात आल्या. झीनत तिथून निघून झारखंड, पश्चिम बंगालपर्यंत भटकली आणि डिसेंबरअखेर तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. काळ्या वाघाचे छायाचित्र निसर्गाचा चमत्कार म्हणून आपल्यापर्यंत येते. मला मात्र त्या दाट पट्ट्यांत, वाघांना ये-जा करण्यासाठी आता न उरलेल्या जंगलवाटा दिसतात.